सोडिअमचं नाव तसंच राहतं

मोरचुदाच्या खणाला आतून अजून निळा रंग आहे. बोट फिरवलं तर बोटाला लागतो. दादाने किराण्याचं दुकान बंद करून सहा महिने झाले, उरलासुरला माल उचलला गेला, तराजू कुणीतरी हौसेने नेला, पण हे भिंतभर लाकडी खण घ्यायला कुणी तयार नाही. परवा वहिनीचा फोन आला. "ताई, सुतार येणार आहे कपाट मोडायला. त्याच्या आधी एकदा येऊन जा. नंतर म्हणाल, वहिनीने सांगितलं नाही." मग काय, सकाळी जळगावहून गाडी धरली, धुळ्याला उतरून चहा घेतला आणि दुपारी साक्रीला पोचले.

आता रिकाम्या दुकानात बसून मी एकेक खण ओढते आहे आणि वास घेते आहे. कुणी म्हणेल बाईला वेड लागलं, तर म्हणू दे. हिंगाचा खण अजून हिंगाचाच आहे, तो सुतारालाही जुमानायचा नाही. तुरटीच्या खणाला कसलाच वास नाही, तेव्हाही नव्हता. ओव्याच्या खणात ओवा आणि उंदीर दोघांचाही वास आहे. तिसऱ्या ओळीतला एक खण अडकला होता, तो हिसका देऊन ओढला तर आत पुठ्ठ्याचे तुकडे. रबराने बांधलेले. हात लावला आणि रबर गळून पडलं. प्रत्येक तुकड्यावर निळ्या शाईने एकेक संज्ञा: Na, Mg, Cl, O. काहींना कडेला दात कापलेले, काहींना खाचा. उलटून पाहिलं तर पाठीमागे कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका, अर्ध्या कापलेल्या नावांच्या.

मी रसायनशास्त्र शिकवते. रासायनिक बंध, संयुजा, संयुगांची नावं, हे सगळं मी दरवर्षी नव्या पोरांना नव्याने सांगते आणि पोरं दरवर्षी जुन्याच चुका करतात. माझी बडबड सहसा कुठे अडत नाही. फक्त सोडिअम क्लोराइडचं नाव सांगताना जीभ जरा थांबते. पस्तीसेक वर्षांपूर्वी परीक्षेच्या फाटकाशी मी एक वाक्य बोलले होते आणि त्या वाक्यापायी वहिनीचा विज्ञानाचा पेपर जायची वेळ आली होती. त्या पेपरावर तिची नोकरी टांगलेली होती. त्याबद्दल आम्ही दोघी आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. ती सावद्याकडची, केळीच्या बागांमधली. तिच्या दारी मांडवाला खऱ्या केळीचे खांब होते, घडासकट, आणि मी ते घड सोडून नवरीकडे बघायलाच तयार नव्हते. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले, दादाच्या हातात अंगठी दिली आणि बायका म्हणाल्या, लिही. दादाने तांदळात ठसठशीत अक्षरं काढली: शोभा. सगळ्यांनी वाकून पाहिलं. नवरीनेही पाहिलं. आपलं नाव आता हे, हे तिला तेव्हाच कळलं. आधी कुणी सांगायचं राहून गेलं होतं. लग्नघरात अशा गोष्टी राहून जातात.

तिचं माहेरचं नाव इंदू. अडचण अशी, की माझ्या आईचंही नाव इंदूच. अख्खी पेठ तिला इंदुबाई म्हणायची. एका घरात दोन इंदू कशा चालतील? सुनेला हाक मारायची तर स्वतःलाच हाक मारल्यासारखं, आणि रागवायचं म्हटलं तर त्याहून पंचाईत. म्हणून आईने नाव बदलून घेतलं. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही वाटलं नाही. ताटातल्या तांदळांची दुसऱ्या दिवशी खिचडी झाली.

पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक अंधारा बोळ, असं आमचं सगळं होतं. बोळात गुळाच्या भेल्या असत. उन्हाळ्यात गूळ पाझरायचा आणि अनवाणी पाय फरशीला चिकटायचे. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या पाड्यांवरून बाया यायच्या, अंगाला धुराचा आणि मोहाचा वास घेऊन, आणि सगळ्यात आधी मीठ घ्यायच्या. खडेमीठ. पोत्यात हात घालून ते काढायचं काम माझं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, पोत्याखालची फरशी दिवाळीपर्यंत ओली राहायची. थंडीत सकाळी शेजारच्या आवारात कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजली जायची आणि तो धूर थेट दुकानात येऊन साखरेच्या पोत्यावर बसायचा. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, आज साखर घेणाऱ्याला भरीत फुकट.

आणि कल्हईवाले चाचा. ते नवसागर घ्यायला यायचे आणि मग चौकात बसून भाता मारायचे. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा आणि नाक झणझणायचं. मी आणि वहिनी दुकानाच्या ओट्यावर उभ्या राहून तो धूर मुद्दाम ओढून घ्यायचो. आई आतून ओरडायची. धूर विरायचा तेव्हा पातेलं आतून चांदीचं झालेलं असायचं. आता चौकात कल्हईवाला बसत नाही. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो.

मी दहावीत गेले त्या वर्षी आमच्या गल्लीमागे नवी अंगणवाडी निघायची होती. तिथल्या सेविकेला दहावी पास असणं जरूर होतं. वहिनी नववीवर थांबलेली. तिने एका रात्री जेवणं झाल्यावर आबांसमोर विषय काढला, की बाहेरून दहावीला बसते. आबा लगेच हो म्हणाले. दादा ताटातला शेवटचा घास शोधत बसला. आई काहीच म्हणाली नाही, आणि आईचं काही न म्हणणं आमच्या घरात फार मोठ्याने ऐकू यायचं. दोन दिवसांनी भांडी लावता लावता ती वहिनीला म्हणाली, "एक डाव बस. नापास व्हयनी तं परत फारम नही." एकच संधी. वहिनीने मान डोलावली. तिचा चार वर्षांचा पोरगा तिचा पदर ओढत होता.

नणंद-भावजय एकाच वर्षी दहावीला म्हटल्यावर पेठेला आयताच विषय मिळाला. ज्याने त्याने विचारावं, काय इंदुबाई, लेक पुढे का सून पुढे? आई म्हणायची, "दोन्ही पुढे गयात तं पापड कोन लाटी?"

भाषा, इतिहास, भूगोल वहिनीने स्वयंपाक करता करता उरकले. गणितही तिला जमलं. विज्ञानापाशी मात्र गाडी रुतली. तिला रागच यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, आबा आत लवंडलेले असायचे, तेव्हा आम्ही गल्ल्यामागच्या सतरंजीवर बसायचो. मी शिकवायची आणि ती भांडायची.

"मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड?"

"हो."

"मग मीठच का लिहीत नाहीत?"

"परीक्षेत चालत नाही तसं."

"त्या पाड्यावरच्या बाईला चालतं ना. एवढ्या लांबून येते, मीठ मागते, मीठच मिळतं. तिला कुणी शून्य मार्क देत नाही."

शेवटी आमच्या सरांनी वर्गात सांगितलेली युक्ती मी घरी आणली. दुकानात दरवर्षी ढिगाने लग्नपत्रिका यायच्या, गिऱ्हाइकांच्या पोरापोरींच्या. आम्ही त्यांतल्या जाड बघून कापल्या. सोडिअमला एक दात, कारण त्याच्याकडे बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. क्लोरीनला एक खाच, कारण त्याला एकाची उणीव. मॅग्नेशिअमला दोन दात, ऑक्सिजनला दोन खाचा. दात खाचेत बसला की बंध झाला. वहिनी कात्री फार सुबक चालवायची. दिवसभर ते तुकडे तिच्या पदराच्या गाठीत असायचे आणि भाकरी थापता थापता ती मध्येच विचारायची, एका मॅग्नेशिअमला क्लोरीन किती लागतील? मी म्हणायची, सांग तूच. ती पिठाची दोन बोटं वर करायची.

भादव्यात गुलाबाई बसल्या, म्हणजे आमच्याकडचा भोंडला. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणत जायच्या आणि प्रत्येक घरी शेवटी झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायला लावायच्या. नुसत्या खुळखुळण्यावरून. शेंगदाणे, फुटाणे, साखर-खोबरं. वहिनीला त्यातलं सगळं ओळखू यायचं. तिने त्याचाच आमच्या अभ्यासात खेळ केला. फडक्यात काहीतरी बांधून माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, वासावर नाहीतर चाचपून नाव सांगा, पण दुकानातलं नको, पुस्तकातलं. खाण्याचा सोडा असला तर मी सोडिअम बायकार्बोनेट म्हणायची. मग फडकं मी बांधायची आणि ती सांगायची. हळूहळू ती न चुकता सांगायला लागली. मला वाटतं, त्या एका महिन्यात आम्ही दोघी जितक्या हसलो तितक्या पुढे कधी हसलो नाही.

फुगडीही त्याच दिवसांतली. सहसंयुज बंध तिला कळेना. कुणी देत नाही, कुणी घेत नाही, दोघांचं मिळून वापरायचं, हे काय प्रकरण? मी अंगणात तिचे दोन्ही हात धरले आणि फिरवलं. "हे बघ, तुझे हात माझ्याकडे आणि माझे तुझ्याकडे. कुणी सोडले तर दोघी पडू." ती फिरता फिरता म्हणाली, "मग असं सांगायचं ना आधी." ऑक्सिजनची दोन हातांची फुगडी, हायड्रोजनची एका हाताची. नायट्रोजनला तीन हात लागतात म्हटल्यावर ती खालीच बसली आणि पोट धरून हसत राहिली. आई दारात येऊन उभी राहिली, आम्हाला बघितलं आणि आत गेली.

खणांवर चिठ्ठ्या लावायची कल्पना आबांची. वहिनीने सगळ्या लिहिल्या, मोत्यासारख्या अक्षरात. मोरचुदावर कॉपर सल्फेट, धुण्याच्या सोड्यावर सोडिअम कार्बोनेट, चुनकळीवर कॅल्शिअम ऑक्साइड. आबांना तर खेळणंच मिळालं. चाचा नवसागर मागायचे की आबा गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "अमोनिअम क्लोराइड किती देऊ?" चाचा घाबरून म्हणायचे, "वो नहीं शेठ, आपला नवसागरच द्या." आई रोज म्हणायची, काढा त्या चिठ्ठ्या, गिऱ्हाईक बिचकतं. रोज राहून जायचं.

परीक्षा तोंडावर आली आणि पापडांचे दिवसही. मागच्या खोलीत उडदाच्या पिठाचा आणि पापडखाराचा वास भरून राहायचा, तो केसांना लागायचा, वह्यांना लागायचा. आई, वहिनी आणि मी पोळपाट मांडून बसायचो. माझ्या मांडीवर पुस्तक. मी वाचायची, वहिनी लाटता लाटता ऐकायची. त्या दुपारी संयुगांची नावं चालली होती.

"सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला," वहिनी म्हणाली. "मग त्याचं नाव काय होतं?"

"काहीच नाही. सोडिअमच."

"आणि क्लोरीनचं?"

"क्लोराइड. ऑक्सिजन असला तर ऑक्साइड. जो घेतो त्याचं नाव बदलतं."

"देणाऱ्याचं नाव तसंच राहतं?"

"हो."

"कितीही दिलं तरी?"

"मॅग्नेशिअम दोन देतं, तरी मॅग्नेशिअमच राहतं."

वहिनीने लाटलेला पापड अलगद उचलून साडीच्या घडीवर टाकला. "बरं आहे तुमच्या विज्ञानात," ती हसून म्हणाली. "आमच्यात देणाऱ्याचंच घर जातं, नाव जातं, सगळं जातं." ती टोमणा मारत नव्हती. तिला ते खरंच मजेशीर वाटलं होतं. आई म्हणाली, "तुन्हं इग्यान राहू दे, लाटनं चालाव." पण आईचं स्वतःचं लाटणं बराच वेळ एकाच पापडावर फिरत राहिलं आणि तो पापड मधोमध फाटला.

परीक्षा आमच्याच शाळेत होती. पहिले पेपर सुरळीत झाले. पर्यवेक्षक गावातलेच, कुणी वहिनीला आमच्या दुकानात पाहिलेलं, कुणी तिच्या हातून चहापत्ती घेतलेली. हॉल तिकिटावर शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव होतं, पण ते कुणी नीट बघितलंही नाही. विज्ञानाच्या दिवशी मात्र फाटकाशी जीप उभी होती. भरारी पथक. बाहेरून बसणाऱ्यांच्या जागी दुसरेच लोक पेपर लिहितात अशी कुठेतरी तक्रार झाली होती म्हणे, आणि ते एकेकाला थांबवून विचारत होते. आमची दोघींची पाळी आली.

"नाव?" साहेबांनी तिकीट हातात घेऊन विचारलं.

"शोभा," वहिनी म्हणाली. आणि लगेच, "नाही, इंदू. इंदू एकनाथ."

साहेबांनी मान वर केली. तिकिटावरच्या फोटोवर शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला होता, नाकडोळे काही दिसत नव्हते. स्वतःचं नाव सांगताना अडखळणारी बाई त्यांना सकाळपासून हीच एक मिळाली असणार. ते माझ्याकडे वळले. "तू ओळखतेस यांना?"

"माझी वहिनी आहे."

"ही इंदू आहे का?"

मला माहीत होतं. तांदळातलं अक्षर मी पाहिलं होतं, फॉर्मवर लावायचा फोटो मीच कापला होता. पण इंदू म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आई आली. पीठ मळणारी, पोतं झटकणारी, अख्खी पेठ जिला त्या नावाने हाक मारते ती. "नाही," मी म्हणाले. "इंदू माझी आई. ही शोभावहिनी."

साहेबांनी वहिनीला बाजूला उभं केलं. घंटा झाली. शिपाई दगडूभाऊ मला म्हणाले, पळ, तुझा पेपर जाईल. आणि मी पळाले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. हे सांगायला आज जेवढा वेळ लागतो आहे त्याच्या निम्म्यात मी वर्गात जाऊन बसले होते.

खिडकीबाहेर कडुनिंब फुलला होता. फुलांचा तो कडवट-गोड वास, नव्या उत्तरपत्रिकेचा वास आणि फळ्यावर खडूने लिहिलेली वेळ. प्रश्नपत्रिकेत होतंच: खालील संयुगांची नावे लिहा. मी लिहीत गेले. मॅग्नेशिअम ऑक्साइड. कॅल्शिअम क्लोराइड. सोडिअम सल्फाइड. प्रत्येक नावाला मला वहिनीची पिठाची बोटं दिसत होती. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नाहीत, हा नियम मला पाठ होता. मी फळ्यावरच्या वेळेकडे बघत होते आणि माझ्या हातून ओळीमागून ओळ बरोबर उतरत होती, त्याची मला लाज वाटत होती. अर्धा तास झाला. फाटक लावल्याचा आवाज आला. त्यानंतरच्या प्रश्नांचं मला काही आठवत नाही.

सुटल्यावर मी व्हरांड्यात आले तर पलीकडच्या जिन्यावरून वहिनी उतरत होती. बोटांना शाई, केस विस्कटलेले. तिने पेपर लिहिला होता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "नावांचा प्रश्न पूर्ण सोडवला." मला रडू फुटलं आणि तिला वाटलं, माझा पेपर अवघड गेला.

मागून कळलं ते गल्लीकडून. दगडूभाऊ सायकल हाणत दुकानी गेले होते. आई पापडांवरून तशीच उठली आणि सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून शाळेत आली. माझी आई, जी दादाच्या स्कूटरवर बसायलाही लाजायची. भर पेठेतून, पिठाच्या हातांनी दगडूभाऊंचा सदरा घट्ट धरून. पेठेने ते दृश्य कित्येक वर्षं पुरवून पुरवून सांगितलं. फाटक लागायच्या आत ती पोचली आणि वहिनीला आत सोडलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसात आई काय बोलली हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आईने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं नाही, आणि विचारायला माझं तोंड नव्हतं. वहिनी विज्ञानात काठावर पास झाली. पावसाळ्यात अंगणवाडी सुरू झाली. चिठ्ठ्या खणांवरून एकेक करून गळून पडल्या.

"घ्या ताई, गार होईल." वहिनी चहा घेऊन आली आहे. अंगणवाडी आटोपून आलेली, खांद्यावर अजून पिशवी. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत. माझ्या मांडीवरचे पुठ्ठ्याचे तुकडे तिने पाहिले, एक उचलला, मागची पत्रिका वाचून ठेवून दिला आणि ओट्यावर टेकली.

मी चहा तसाच ठेवला. म्हटलं, आज नाही बोलले तर कपाट मोडल्यावर कुठे बसून बोलणार. "वहिनी, त्या दिवशी फाटकाशी मी चुकीचं बोलले. तू इंदू नाहीस म्हणाले. आणि तुला तिथे सोडून आत गेले."

"तुम्ही अजून ते धरून बसलात?" ती म्हणाली. "आधी शोभा म्हणाले मीच. पाच वर्षांत मला इंदू म्हणून कुणी हाक मारली नव्हती साक्रीत. साहेबांनी नाव विचारलं तर मलाच आठवावं लागलं. तुमचा काय दोष."

"आई काय म्हणाली होती आत?"

"सांगितलं नाही का त्यांनी कधी?" तिने कप खाली ठेवला. "साहेब म्हणाले, ही इंदू कशावरून? आई म्हणाल्या, हाई इंदूच शे, मन्ही सून शे. साहेब म्हणाले, मग तुमची मुलगी शोभा का म्हणते? तर म्हणाल्या, मन्हं नाव बी इंदू. एक घरमा दोन इंदू नको म्हनीसन मीच तिनं नाव काढी लिधं. साहेबांनी कागदावर मजकूर लिहिला आणि सही करायला सांगितलं. आईंना सहीपुरतंच येत होतं, ती केली. त्या कागदावर पिठाचं बोट उमटलं. मग साहेबांकडे कागद सरकवून म्हणाल्या, नाव मी लिधं तिनं. आते तिना पेपर तं तिले द्या."

आईने कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. आबांचीही नाही.

"त्याच संध्याकाळी चुलीपाशी मला विचारलं त्यांनी," वहिनी म्हणाली. "की आते तुले काय हाक मारू. मी म्हटलं, शोभाच म्हणा. त्यांना किती जड गेलं असेल ते विचारायला. म्हटलं, राहू दे त्यांचं नाव त्यांना. मला पेपर मिळाला ना."

बाहेर कुणाची तरी रिक्षा भोंगा वाजवत गेली. आईला जाऊन पाच वर्षं झाली. वहिनीचे आईवडील कधीच गेले, आणि सावद्याला तिचा एक भाऊ होता तोही मागच्या वर्षी गेला.

"आता मला इंदू म्हणणारं कुणी नाही हो राहिलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, सुतार कधी येणार हे सांगावं तसं सांगितलं. "निवृत्तीच्या कागदांवर दोन्ही नावं लिहावी लागली. ऑफिसातली पोरगी विचारत होती, मॅडम, ही इंदू कोण?"

तिने दोन्ही कप उचलले आणि बोळातून आत निघाली. नणंदेने भावजयीला नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही. इतक्या वर्षांत मी तिला वहिनीशिवाय काही म्हटलेलं नाही, आणि एकदाच नाव घेतलं ते चुकीचं घेतलं. ती अर्ध्या बोळात पोचली होती, पाठमोरी.

"इंदू," मी हाक मारली.

ती थांबली. जरा वेळ लागला. मग तिने ओ दिली.